‘द ग्रेट गॅट्सबी’ : पुसलेला भूतकाळ आणि क्षमा झालेला भूतकाळ

धनाच्या मोहाविषयी उपदेश करावयाचा प्रसंग आला म्हणजे आपण बहुधा लूककृत शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाच्या दृष्टांताकडे वळतो. हा दृष्टांत इतक्या वेळा ऐकून झाला आहे की, त्यातील धनवान प्रत्येक श्रोत्याला दुसराच कोणी तरी वाटतो. अशा वेळी एखादी ऐहिक साहित्यकृती जुन्या सत्याला पुन्हा धार लावून देते. अमेरिकन कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही त्यांपैकी एक होय. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने ती १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची होती. दुसरी अवघ्या ३,००० प्रतींची निघाली आणि लेखकाच्या मृत्यूच्या वेळी, म्हणजे १९४० साली, तिच्यातील काही प्रती गुदामात पडूनच होत्या. आज शंभर वर्षे उलटल्यानंतर मात्र अमेरिकन वाङ्मयाचा अभ्यास या पुस्तकावाचून पुरा होत नाही.

या कादंबरीचा अर्थ सामान्यतः असा लावला जातो की, पैशाने सुख मिळत नाही आणि अमेरिकेचे वैभवाचे स्वप्न हा एक भ्रम आहे. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. एवढेच सांगावयाचे असते तर लेखकाने सर्व धनिकांना एकाच तागडीत तोलले असते. तसे त्याने केलेले नाही. टॉम ब्यूकॅनन आणि जे गॅट्सबी हे दोघेही श्रीमंत आणि दोघेही दोषी. तरीही एकाविषयी वाचकाच्या मनात तिटकारा उत्पन्न होतो, तर दुसऱ्याविषयी करुणा. या भेदाचे कारण शोधू गेल्यास आपण ईश्वरविज्ञानाच्या अगदी मध्यवर्ती प्रश्नापाशी, पापक्षमेच्या प्रश्नापाशी, येऊन पोहोचतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कथानक थोडक्यात

काळ १९२२ सालच्या उन्हाळ्याचा आहे. निक कॅरावे हा तरुण मध्य-पश्चिम अमेरिकेतून रोख्यांचा व्यवसाय शिकण्यासाठी न्यूयॉर्कला येतो आणि लाँग आयलंडवरील वेस्ट एग नावाच्या वस्तीत लहानसे घर भाड्याने घेतो. शेजारी गॅट्सबीचा प्रचंड वाडा आहे. खाडीच्या पलीकडे ईस्ट एग ही पिढीजात श्रीमंतांची वस्ती असून तेथे निकच्या नात्यातील डेझी आणि तिचा पती टॉम राहतात.

गॅट्सबीचे मूळ नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डकोटातील गरीब शेतकरी कुटुंबातला हा मुलगा सतराव्या वर्षी स्वतःचे नाव टाकून नवे नाव घेतो. १९१७ साली सैन्यात अधिकारी असताना लुइव्हिल येथे त्याची डेझीशी भेट होते आणि दोघांचे प्रेम जमते. तो युद्धावर जातो. १९१९ च्या जूनमध्ये ती टॉमशी विवाह करते. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. त्या बंदीच्या आडून चाललेल्या चोरट्या धंद्यात गॅट्सबी अमाप पैसा मिळवतो, डेझीच्या घरासमोरच्या किनाऱ्यावर वाडा विकत घेतो आणि कधी तरी ती येईल या आशेने मेजवान्या देत राहतो. निकच्या मध्यस्थीने दोघांची पुन्हा गाठ पडते. प्लाझा हॉटेलातील एका असह्य दुपारी टॉम व गॅट्सबी समोरासमोर येतात. परतताना गॅट्सबीच्या मोटारीखाली मर्टल विल्सन ही स्त्री ठार होते. मोटार डेझी चालवीत असते. मर्टल ही टॉमची ठेवलेली स्त्री असते. तिचा पती जॉर्ज विल्सन हा मोटारदुरुस्तीवर पोट भरणारा गरीब माणूस. मोटार कोणाची, हे टॉम त्याला सांगतो. विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो आणि मग स्वतःचाही अंत करून घेतो.

पित्याचे काम

मराठी ख्रिस्ती वाचकाच्या मनातील अमेरिका प्रथमतः मिशनऱ्यांची अमेरिका आहे. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले, आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहून त्या देशातील उद्योगशीलता, स्त्रीशिक्षण आणि लोकसेवा यांचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. तेच उद्योगी सद्गुण गॅट्सबीच्या बालपणातही आहेत. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे वडील हेन्री गॅट्झ एक जुने पुस्तक घेऊन येतात. मुलाने लहानपणी त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर आपली दिनचर्या लिहून ठेवलेली असते: पहाटे उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, खेळ, वक्तृत्वाचा सराव, शिवाय तंबाखू सोडणे, बचत करणे, आईवडिलांशी अधिक चांगले वागणे असे संकल्प. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रातील आत्मसुधारणेच्या तक्त्याची ही धाकटी प्रतिकृती आहे. प्रॉटेस्टंट शिस्तीतून भांडवलशाहीची वृत्ती कशी पोसली जाते, याचे विवेचन करताना माक्स वेबर यांनी १९०४-०५ साली याच फ्रँकलिनचा आधार घेतला होता. शिस्त शिल्लक राहिली आणि ती ज्याच्या गौरवासाठी होती तो परमेश्वर मात्र मधून निघून गेला, म्हणजे काय उरते, ते त्या कोऱ्या पानावर दिसते.

सहाव्या प्रकरणात फिट्झजेराल्ड एक धाडसी गोष्ट करतात. स्वतःला नव्याने घडविणाऱ्या या तरुणाला ते देवपुत्र म्हणतात आणि तो आपल्या पित्याच्या कामात असला पाहिजे, अशी पुस्ती जोडतात. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हाचे हे शब्द आहेत, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. मूळ ग्रीक वचन फार आटोपशीर आहे. त्याचा अर्थ ‘पित्याच्या घरात’ असाही होतो आणि ‘पित्याच्या कामात’ असाही. जुन्या इंग्रजी भाषांतराने यासाठी जो शब्द योजला, त्याचा आधुनिक अर्थ व्यापारधंदा असा होतो. कादंबरी ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, १९२५ मध्ये, ब्रूस बार्टन या जाहिरातव्यवसायातील गृहस्थांनी ‘द मॅन नोबडी नोज’ हे पुस्तक लिहून ख्रिस्ताला आधुनिक व्यापाराचा संस्थापक ठरविले आणि आरंभी हेच वचन छापले. ते पुस्तक प्रचंड खपले. बार्टन यांनी जे गांभीर्याने लिहिले त्याची शोकान्त बाजू फिट्झजेराल्ड यांनी त्याच वर्षी लिहिली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. गॅट्सबीचा पिता भपकेबाज आणि विकाऊ सौंदर्य हाच आहे. त्याच्या सेवेत तो निष्ठेने आयुष्य घालवतो.

गॅट्सबीला टॉमपासून वेगळे करणारी गोष्ट ही निष्ठा होय. टॉमला काहीच नको आहे, कारण त्याच्याजवळ सर्व काही जन्मापासून आहे. गॅट्सबीला जे हवे आहे ते मुळात पवित्र आहे. डेझीचे प्रथम चुंबन घेण्याच्या क्षणाचे वर्णन करताना लेखकाने देहधारणाचा शब्द मुद्दाम वापरला आहे. अमर्याद स्वप्न एका मर्त्य, चंचल स्त्रीच्या ठिकाणी देह धारण करते आणि त्या क्षणापासून तिच्यावर असे ओझे पडते, जे कोणत्याही मानवाला पेलवणार नाही. मूर्तिपूजेचा दोष आपण नेहमी पूजकाच्या बाजूने पाहतो. जिला मूर्ती बनविले जाते त्या व्यक्तीवरही तो अन्याय असतो, हे ही कादंबरी शिकविते.

बंद पडलेले घड्याळ

निकच्या घरी पाच वर्षांनंतर डेझीला भेटताना गॅट्सबी इतका गोंधळतो की, फळीवरच्या घड्याळाला त्याच्या डोक्याचा धक्का लागतो. ते घड्याळ आधीपासूनच बंद आहे. तो ते पडता पडता सावरतो आणि क्षमा मागतो. घड्याळाला काहीही झालेले नसते. तरी क्षणभर सर्वांना वाटते की ते जमिनीवर पडून चक्काचूर झाले. विनोदी भासणाऱ्या या प्रसंगात सबंध कादंबरीचे बीज आहे. गॅट्सबीला काळ थांबवावयाचा नाही. त्याला तो मागे फिरवावयाचा आहे. भूतकाळ पुन्हा आणता येत नाही, असे निक त्याला एकदा सुचवितो तेव्हा त्याला खरोखरच आश्चर्य वाटते.

प्लाझा हॉटेलातील प्रसंगाकडे या दृष्टीने पाहावे. डेझी टॉमला सोडून यावयास जवळजवळ तयार आहे. कोणाही सामान्य प्रियकराला तेवढे पुरले असते. गॅट्सबीला ते पुरत नाही. टॉमवर आपले प्रेम कधीच नव्हते, असे तिने टॉमला तोंडावर सांगावे, हा त्याचा आग्रह आहे. पाच वर्षे, विवाह, एक लहान मुलगी, हे सर्व घडलेच नाही असे तिच्या मुखातून वदवून घ्यावयाचे आहे. डेझी प्रयत्न करते. परंतु तिला ते जमत नाही. एके काळी आपले टॉमवरही प्रेम होते, हे ती रडत रडत कबूल करते. या कादंबरीत डेझीच्या हातून घडलेले सत्याचरण बहुधा एवढेच, आणि त्याच सत्याने गॅट्सबीचे स्वप्न मोडते.

आता योहानकृत शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आठवावा. पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले होते, तेही कोळशाच्या शेकोटीजवळ. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे आणि प्रभू पेत्राला तीन वेळा एकच प्रश्न विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो. तू मला कधी नाकारलेच नाहीस असे म्हण, असा आग्रह ख्रिस्त धरीत नाही. तो पेत्राला त्या नकाराच्या ठिकाणी परत नेतो आणि तेथेच त्याच्या हाती मेंढरे सोपवितो. क्षमा घडलेल्या गोष्टीला घडलेली म्हणूनच स्वीकारते. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण राहिले होते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, पवित्र शास्त्रातही अपराध पुसून टाकण्याची भाषा आहे. ५१ व्या स्तोत्रात दावीद देवाजवळ हेच मागतो. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच स्तोत्रात आपले पाप सतत आपल्यासमोर आहे असेही तो म्हणतो. देवाने त्याला क्षमा केली. तरीही शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातून उरीयाची कथा खोडली गेली नाही, आणि मत्तयाने दिलेल्या ख्रिस्ताच्या वंशावळीत शलमोनाची आई उरीयाची पत्नी म्हणूनच उल्लेखिली गेली. देव पुसतो ते ऋण. घटना पुसली जात नाही. आणि ते पुसण्याचा अधिकारही ऋणकोकडे नसतो. गॅट्सबी ऋणको असूनही स्वतःच खतावणी हाती घेतो आणि पैशाच्या बळावर जुनी पाने फाडू पाहतो. पश्चात्तापावाचून नवा जन्म हवा असणे, हा त्याचा खरा भ्रम होय.

गाळलेला आरंभ

हा अर्थ आपण बाहेरून लादीत नाही, याला एक पुरावा आहे. फिट्झजेराल्ड यांचा जन्म १८९६ साली मिनेसोटातील सेंट पॉल येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. जून १९२४ मध्ये त्यांनी ‘ॲब्सोल्यूशन’, म्हणजे पापमोचन, या नावाची कथा एका मासिकात प्रसिद्ध केली. गॅट्सबीच्या बालपणाचे चित्र म्हणून आपण ती योजिली होती आणि पुढे कादंबरीतील गूढता राखण्यासाठी ती वगळली, असे त्यांनी नंतर एका पत्रात लिहिले. कथेतील रूडॉल्फ मिलर हा अकरा वर्षांचा मुलगा पापनिवेदनाच्या वेळी आपण कधीही खोटे बोलत नाही असे सांगतो, आणि तेच खोटे ठरते. आपण आपल्या आईवडिलांचे मूल नव्हेच, असे त्याला वाटते. मनातल्या मनात त्याने स्वतःला एक भारदस्त नाव देऊन ठेवलेले असते. भयभीत होऊन तो धर्मगुरूंकडे जातो. परंतु ते वृद्ध धर्मगुरू स्वतःच आतून खचलेले आहेत. मुलाला पापमोचनाचा धीर देण्याऐवजी ते जत्रेतल्या झगमगाटाविषयी असंबद्ध बोलू लागतात. मुलगा मनाशी समजतो की, देवाचा जेथे संबंध नाही असे काही तरी भव्य आणि झळाळते जगात आहे.

पाळकीय सेवेची तयारी करणाऱ्यांनी ही कथा आवर्जून वाचावी. गॅट्सबीसारखा माणूस घडण्यास केवळ जगाचा मोह कारणीभूत नसतो. ज्या ठिकाणी त्याला क्षमा मिळावयाची तेथे ती देणाराच रिक्तहस्त होता, हेही एक कारण असते.

राख आणि डोळे

वेस्ट एग आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये राखेची एक विस्तीर्ण खोलगट जागा आहे. क्वीन्समधील करोना येथील राखेच्या उकिरड्यांवरून लेखकाला ती सुचली. श्रीमंतांच्या गाड्या या राखेतून जातात आणि विल्सन दांपत्य या राखेतच राहते. तिच्यावर एका चष्मेविक्या नेत्रवैद्याच्या जाहिरातीचा जुना फलक उभा आहे: चेहऱ्यावाचूनचे दोन प्रचंड निळे डोळे आणि पिवळा चष्मा. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या रात्री शेजारी मायकेलिस विल्सनला विचारतो, एखाद्या चर्चमध्ये तू जातोस काय, कोणा धर्मगुरूंना बोलावू काय? आपण कोणत्याच चर्चचे नाही, असे विल्सन सांगतो. पहाटे तो खिडकीतून त्या डोळ्यांकडे पाहतो आणि देव सर्व काही पाहतो, असे म्हणू लागतो. ती जाहिरात आहे, हे मायकेलिस त्याला समजावतो.

या डोळ्यांना देवाचे प्रतीक मानून अनेक समीक्षक मोकळे होतात. येथे अधिक सावध राहिले पाहिजे. हे डोळे पाहत नाहीत; ते विकतात, आणि आता विकणाराही निघून गेला आहे. विल्सनची चूक अशी की, न्यायाची त्याची तहान खरी असूनही ती भागविण्यासाठी त्याला जाहिरातीवाचून दुसरे काही आढळले नाही. ज्याला केवळ पाहणारा देव ठाऊक आहे, क्षमा करणारा आणि सोसणारा देव ठाऊक नाही, त्याच्या हातात अखेर पिस्तूल येते. श्रद्धेचे शब्द शिल्लक राहून तिचा आशय नष्ट झालेल्या समाजाचे इतके भेदक चित्र फार थोड्या लेखकांनी रेखाटले असेल. चौथ्या प्रकरणाच्या आरंभी गावोगाव रविवार सकाळच्या घंटा वाजत असतात आणि लोक मात्र गॅट्सबीच्या हिरवळीवर जमत असतात, तेही याच चित्राचा भाग आहे.

ज्यांना उत्तर द्यावे लागत नाही

टॉम आणि डेझी यांचे पाप या सर्वांहून थंड आहे. मर्टल मेली, गॅट्सबी मेला, विल्सन मेला. ही दोघे सामान बांधून गाव सोडून गेली. डेझीकडून अंत्यविधीला निरोप नाही, फूलही नाही. धनाने त्यांना मौजेपेक्षा मोठी गोष्ट दिली आहे: कोणालाही उत्तर न देण्याची सोय. आपल्या हातून झालेली मोडतोड इतरांनी आवरावी, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. हाच टॉम पहिल्या प्रकरणात गौरवर्णीयांची संस्कृती धोक्यात असल्याचे एका पुस्तकाच्या आधारे सांगतो. लॉथ्रॉप स्टॉडर्ड यांच्या १९२० सालच्या वंशद्वेषी पुस्तकाची ती छाया आहे, आणि त्या पुस्तकाच्या दृष्टीने आपण भारतीयही त्या ‘धोक्या’तच मोडतो. संस्कृतीचा हा रक्षक त्याच उन्हाळ्यात मर्टलचे नाक फोडतो.

कादंबरीचे दोषही नोंदविले पाहिजेत. गॅट्सबीचा भागीदार वुल्फशाइम हे पात्र ज्यूंविषयीच्या हीन साचेबंद कल्पनांतून रंगविले आहे; २०१३ च्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी ही भूमिका केल्याने आपल्याकडे ते अनेकांना ठाऊक झाले. टॉमच्या वंशद्वेषाची थट्टा करणारा लेखक स्वतः या आजारापासून पूर्णपणे मुक्त नव्हता. निवेदक निकही तपासून घ्यावा. तो स्वतःला प्रामाणिक म्हणवितो. परंतु मोटार डेझी चालवीत होती हे ठाऊक असताना अखेरच्या भेटीत तो टॉमला ते सांगत नाही आणि त्याच्याशी हस्तांदोलन करतो. घड्याळाबद्दल क्षमा मागणारा माणूस या पुस्तकात आहे. तीन मृत्यूंबद्दल क्षमा मागणारा कोणी नाही. साक्षीदार आहे, परंतु साक्ष दिली जात नाही. कादंबरीत न्याय आहे, करुणाही आहे. कृपा मात्र नाही.

शेकडो लोकांना खाऊपिऊ घालणाऱ्या गॅट्सबीच्या दफनाला भर पावसात वडील, निक, एक ल्यूथरन पाळक, चारपाच नोकर, गावचा टपालवाला आणि ग्रंथालयात कधी काळी भेटलेला एक चष्मेवाला पाहुणा एवढेच जमतात. स्वतः फिट्झजेराल्ड २१ डिसेंबर १९४० रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले. ते धर्माचार पाळीत नव्हते, या कारणाने मेरीलँडमधील रॉकव्हिल येथील सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीत त्यांना जागा नाकारण्यात आली. १९७५ साली ती देण्यात आली आणि पत्नी झेल्डासह त्यांचे अवशेष तेथे हलविण्यात आले. मंडळीने पस्तीस वर्षांनी आपला निर्णय बदलला.

आज पुष्कळ व्यासपीठांवरून संपन्नता हेच देवाच्या आशीर्वादाचे चिन्ह म्हणून सांगितले जाते आणि जुने आयुष्य जणू नव्हतेच अशा थाटात साक्षी दिल्या जातात. ऐकणाऱ्यांत एखादा जेम्स गॅट्झ बसलेला असतो. नाव बदल, घर बदल, पैसा मिळव, म्हणजे मागचे सर्व पुसले जाईल, हे त्याला जगाने आधीच सांगितले आहे. तेच जर आपणही धार्मिक शब्दांत सांगणार असू, तर मंडळीकडे यावयास त्याला कारण उरत नाही. मागचे आठवूनही ज्याच्यासमोर उभे राहता येते असा एक आहे, हे त्याला कोणी तरी सांगावयास हवे; आणि ते सांगण्याचे काम आपल्याकडे सोपविलेले आहे.